नळ बंद करणारी बाई

"मावशी, तुला फक्त तीनच वाक्यं आहेत. पाठांतराचा काही त्रास नाही," भाची म्हणाली आणि तिने दोन कागद माझ्या हातात ठेवले. मी तेव्हा बचत गटाचा हिशेब जुळवत बसले होते. वीस रुपयांचा फरक काही केल्या सापडत नव्हता. म्हटलं, चला, तेवढाच विरंगुळा.

भाची बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. २० मे २०२५ रोजी डॉ. जयंत नारळीकर गेले, तेव्हा तिच्या वर्गातल्या मुलांनी त्यांच्या कथा पुन्हा काढून वाचल्या. काहींनी तर पहिल्यांदाच वाचल्या. त्यातून कल्पना निघाली की कॉलेजच्या स्नेहसंमेलनासाठी जुन्या विज्ञानकथांवर मोबाइलवरच एक छोटा सिनेमा काढायचा. तीन कथा, एकापाठोपाठ एक. पहिली नारळीकरांची 'धूमकेतू'. त्यात दत्तदांच्या बायकोचं, म्हणजे इंद्राणीदेवीचं काम माझ्याकडे आलं होतं. कारण काय, तर "तू घरी असतेस तशीच ये, वेगळा मेकअप नको!"

माझी तीन वाक्यं अशी होती. पहिलं, "अहो, थंडी आहे, स्वेटर घाला." दुसरं, "ही दुर्बीण म्हणजे माझी सवतच आहे." आणि तिसरं शेवटी, "यज्ञ केला म्हणून वाचलो बघा!" या तिसऱ्या वाक्यावर सगळ्यांनी हसायचं, असं कंसात लिहिलेलं होतं.

मैत्रिणींनो, एकाच सिनेमात अनेक गोष्टी ही कल्पना आपल्याला नवी नाही. सत्यजित राय यांनी १९६१ मध्ये रवींद्रनाथांच्या तीन कथांवर 'तीन कन्या' काढला. 'डरना मना है' आपल्यातल्या पुष्कळजणींनी घाबरत घाबरत पाहिला असेल. आता ओटीटीमुळे तर अशा कथामालिकांचं पीक आलंय. परदेशात फिलिप के. डिक या लेखकाच्या दहा विज्ञानकथांवर २०१७ मध्ये 'इलेक्ट्रिक ड्रीम्स' आली. आपल्याकडे २०२१ मध्ये 'रे' आली. ती राय यांच्याच चार कथांवर होती, पण त्या विज्ञानकथा नव्हेत.

विज्ञानकथेला हा प्रकार फार सोयीचा पडतो. या कथेत बहुधा एकच कल्पना असते. 'समजा असं झालं तर?' एवढा एकच प्रश्न. तो अर्ध्या तासात रंगतो. तोच ताणून अडीच तासांचा केला, की पीठ कमी आणि पाणी जास्त होतं. शिवाय चांगल्या विज्ञानकथेला फार खर्चही लागतो असं नाही. बऱ्याचशा कथा एका घरात, एका खोलीत घडतात. अडचण पैशापेक्षा वेगळीच आहे. जुन्या कथेतलं काय ठेवायचं आणि काय बदलायचं, हे कोण आणि कसं ठरवणार?

ती अडचण मला कळली ती एका जुन्या इंग्रजी सिनेमामुळे. मुलांनी नमुना म्हणून 'द इलस्ट्रेटेड मॅन' पाहायचं ठरवलं होतं. मी म्हटलं, आमच्या वाचनालयाच्या महिला गटातही दाखवा. मग एका शनिवारी दुपारी आम्ही अकरा-बारा जणी जमलो. एक निवृत्त शिक्षिका मध्येमध्ये थांबवून मराठीत सांगत होत्या. त्यांनी मूळ पुस्तकही वाचलेलं होतं, त्यामुळे आम्हाला पडद्यावरची आणि कागदावरची अशा दोन्ही गोष्टी एकदमच कळल्या.

हे पुस्तक रे ब्रॅडबरी या अमेरिकन लेखकाचं. १९५१ साली आलेलं. अठरा कथा, आणि त्या बांधणारा धागा म्हणजे अंगभर चित्रं गोंदवलेला एक माणूस. त्याच्या अंगावरची चित्रं हलू लागतात आणि प्रत्येक चित्र एक गोष्ट सांगतं. १९६९ मध्ये दिग्दर्शक जॅक स्माइट यांनी त्यातल्या तीन कथा घेऊन सिनेमा केला. रॉड स्टायगर आणि क्लेअर ब्लूम ही तेव्हा प्रत्यक्षातही नवरा-बायको असलेली जोडी तिन्ही गोष्टींत आहे.

पहिली गोष्ट एका यांत्रिक घराची. हे घर स्वयंपाक करतं, मुलांना आंघोळ घालतं, बुटाच्या नाड्यासुद्धा बांधतं. मुलांच्या खोलीच्या भिंती म्हणजे मोठमोठे पडदे. मुलांच्या मनात येईल ते त्यावर दिसतं. आणि मुलांच्या मनात काय येतं, तर आफ्रिकेचं तळपतं माळरान आणि सिंह. आई-बाप खोली बंद करायला निघतात, तेव्हा मुलं त्यांनाच आत कोंडतात. पुढे काय होतं ते सांगत नाही, पण सिंह भुकेले असतात. या गोष्टीतली आई म्हणते, की सगळं जर घरच करतंय तर माझी इथे गरजच काय?

यावर आमच्यात जी जुंपली! गटातली आशाताई म्हणाली, "सगळं घर करतंय, आणि ही बया रडते कशाला? मला द्या असलं घर. पहाटे पाचला उठायचं तरी वाचेल." शिक्षिका बाई म्हणाल्या, "ती कामासाठी रडत नाही गं. मुलं तिच्याकडे बघतच नाहीत म्हणून रडते." तेवढ्यात एकीचा चार वर्षांचा नातू तिच्या मांडीवर मोबाइल बघत शेंगदाण्याचा लाडू खात होता. घास तोंडात गेला की नाही याचा त्याला पत्ता नव्हता. आम्ही सगळ्या त्याच्याकडे बघून गप्प झालो. १९५० साली अमेरिकेतसुद्धा घरोघरी टीव्ही पोचला नव्हता, तेव्हा या लेखकाने हे लिहिलंय.

मग चार घरी पोळ्या करणारी एक मैत्रीण हळूच म्हणाली, "आणि असलं घर आलं, तर माझी चार घरं गेली की." हा मुद्दा कथेतही नाही आणि सिनेमातही नाही. तो आमच्या खोलीत निघाला. राय यांची 'अनुकूल' नावाची यंत्रमानव-नोकराची एक बंगाली कथा आहे. तिच्यावर सुजॉय घोष यांनी २०१७ मध्ये सौरभ शुक्ला आणि परमब्रत चटर्जी यांना घेऊन वीसेक मिनिटांचा लघुपट केला. यंत्रामुळे नोकरी जाण्याची धास्ती त्यात चांगली उतरली आहे. पण तिथेही नोकरी जाते ती पुरुषाची. धुणीभांडी, पोळ्या करणाऱ्या बाईची धास्ती पडद्यावर कधी येणार, असं मला त्या दुपारी वाटून गेलं.

दुसरी गोष्ट शुक्र ग्रहावरच्या कधीच न थांबणाऱ्या पावसाची. त्या काळी शुक्राच्या ढगांखाली काय आहे हे कोणाला ठाऊक नव्हतं, त्यामुळे लेखकांनी तिथे खुशाल पाऊस पाडला. आता आपल्याला माहीत आहे, की तिथे जमिनीवर साधारण ४६० अंश सेल्सिअस तापमान असतं. पाण्याचा थेंब टिकायचा नाही. विज्ञान असं शिळं होतं. पण त्यात कोणाचं बिघडत नाही. पावसाने वेडी झालेली माणसं खरी वाटली की पुरे.

तिसरी गोष्ट मात्र आम्हाला लागली. मूळ कथा अगदी साधी आहे. सगळ्या मोठ्या माणसांना एकच स्वप्न पडलेलं असतं, की आज रात्री जग संपणार. कोणी ओरडत नाही, पळत नाही. एक नवरा-बायको नेहमीसारखी संध्याकाळ घालवतात. भांडी घासून नीट रचून ठेवतात. दोन्ही मुलींना झोपवतात. अंथरुणावर पडल्यावर बायको एकदम उठते आणि स्वयंपाकघरात जाऊन येते. कशासाठी? तर नळ चालू राहिला होता! मग दोघंही आपल्याच वेडेपणावर हसतात आणि झोपी जातात.

सिनेमात हे नाही. सिनेमात, जग संपताना मुलांना त्रास होऊ नये म्हणून त्यांना झोपेतच मरण देणाऱ्या गोळ्या येतात. सकाळ होते. जग जागच्या जागी असतं, आणि मुलं गेलेली असतात. धक्का जबरदस्त आहे, नाही म्हणत नाही. पण शिक्षिका बाईंनी मूळ शेवट सांगितला तेव्हा आमच्यातली एक लगेच म्हणाली, "मीसुद्धा उठले असते. नळ चालू असताना झोप लागते का कधी?" आमच्याकडे दोन दिवसांआड पाणी येतं, ही गोष्ट वेगळी. पण अमेरिकेतल्या लेखकाने सत्तरहून अधिक वर्षांपूर्वी लिहिलेली बाई आमच्या गावातल्या बाईला क्षणात ओळखीची वाटली, ती त्या नळामुळे. आणि सिनेमावाल्यांनी नेमका तोच काढून टाकला. त्यांना ती घरगुती, किरकोळ बाब वाटली असावी. उद्या जग नसलं तरी पाणी वाया घालवायचं नाही, ही किरकोळ बाब आहे का? मला तर तीच सगळी कथा वाटते.

त्या रात्री मी भाचीचे कागद पुन्हा काढले. 'धूमकेतू' ही कथा 'द कॉमेट' या नावाने एनसीईआरटीच्या आठवीच्या इंग्रजी पूरक पुस्तकात बरीच वर्षं होती, त्यामुळे पुष्कळ मुलांना ठाऊक आहे. हौशी खगोलप्रेमी दत्तदा 'दिव्य चक्षू' नावाच्या आपल्या दुर्बिणीतून एक धूमकेतू शोधतात. तो पृथ्वीवर आदळणार असं गणिताने दिसतं. शास्त्रज्ञ यान पाठवून, स्फोट घडवून त्याची वाट बदलतात. इकडे घरी इंद्राणीदेवी अरिष्ट टळावं म्हणून यज्ञ मांडतात, नातवालाही त्यात बसवतात, आणि दत्तदा संतापतात. अंधश्रद्धेवर बोट ठेवणारी कथा आहे, आणि ते बोट योग्यच जागी आहे. मी स्वतः गावात त्यासाठी बोलणी खाल्ली आहेत.

मुलांनी कथा आजची करताना काय काय बदललं होतं! पत्राच्या जागी ई-मेल आला. दुर्बिणीला संगणक जोडला. शेवटी २०२२ ची बातमीही घातली. अमेरिकेच्या 'नासा'ने डार्ट नावाचं यान डिमॉर्फस या लघुग्रहाच्या चंद्रावर मुद्दाम आदळवलं आणि त्याचा प्रदक्षिणेचा काळ अर्ध्या तासाहून जास्त कमी झाला. म्हणजे कथेतली कल्पना थोड्या वेगळ्या रीतीने खरी होताना आपण पाहिली. मुलांनी हे सगळं हौसेने केलं होतं. इंद्राणीदेवी मात्र होती तिथेच होती. स्वेटर, सवत आणि यज्ञ.

जुन्या कथेतलं विज्ञान शिळं होतं, तसं यंत्रही शिळं होतं. ते कोणाच्याही डोळ्यांत खुपतं आणि लगेच बदललं जातं. पण कथेतली बाईसुद्धा शिळी होऊ शकते, हे कोणाला खुपत नाही. कारण घरातली बाई अशीच असते, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं असतं. "घरी असतेस तशीच ये" म्हणतात ते त्यामुळेच.

खरी इंद्राणी शोधायला मला फार लांब जावं लागलं नाही. नारळीकरांची पहिली विज्ञानकथा 'कृष्णविवर'. १९७४ मध्ये ती त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला टोपणनावाने पाठवली. नाव घेतलं 'नारायण विनायक जगताप', म्हणजे स्वतःचीच आद्याक्षरं उलटी करून. पण अक्षर ओळखलं गेलं तर? म्हणून कथा उतरवून दिली मंगलाताईंनी, त्यांच्या पत्नीने. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. पुढे १९७५ च्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी या नव्या वळणाची दखल घेतली. मराठी विज्ञानकथेची ही गोष्ट आपण नेहमी ऐकतो. पण पहिल्या कथेचं अक्षर एका बाईचं होतं आणि तिला भर संमेलनात मान देणारीही एक बाई होती, हे कोणी मोठ्याने म्हणत नाही.

आणि मंगलाताई काही नुसत्या उतरवून देणाऱ्या नव्हत्या. मुंबई विद्यापीठातून गणितात सुवर्णपदक मिळवलेल्या. लग्न, केंब्रिज, मुली, घर, सासू-सासरे हे सगळं सांभाळून लग्नानंतर पंधराएक वर्षांनी, १९८१ मध्ये त्यांनी गणितात पीएच.डी. केली. मुलांसाठी 'गणितगप्पा' लिहिलं. १७ जुलै २०२३ रोजी त्या गेल्या. दुर्बिणीला सवत म्हणणाऱ्या इंद्राणीपेक्षा ही बाई किती वेगळी, आणि तीही घरचीच!

हे सगळं मी मुलांना सांगितलं. दिग्दर्शक मुलगा गुणी आहे, पण हट्टी. म्हणाला, "काकू, मूळ कथेत नाही ते आम्ही कसं घालायचं? लेखकावर अन्याय होईल." मुद्दा चुकीचा नव्हता. मी म्हटलं, "ई-मेल मूळ कथेत होता का?" तो हसला. मग मी म्हटलं, "यज्ञ काढू नका. तो कथेचा कणाच आहे. पण ती यज्ञ का करते हे तरी विचारा. कथेत मला ती एकदाही दुर्बिणीला डोळा लावताना दिसली नाही. जिला कोणी आकाश दाखवलंच नाही, ती भटजींना बोलावणार नाही तर कोणाला?"

हे बोलताना माझा आवाज जरा चढला असावा, कारण भाची माझ्याकडे बघत राहिली. कारण सांगते. १९८६ मध्ये हॅलेचा धूमकेतू आला तेव्हा मी आठ वर्षांची होते. शाळेतले एक सर पहाटे गावाबाहेरच्या टेकडीवर मुलांना घेऊन जाणार होते. माझा भाऊ गेला. मी फ्रॉक घालून, वेणी बांधून तयार बसले होते. आई म्हणाली, "एवढ्या अंधारात मुलींनी कुठे जायचं?" आणि शेजारच्या आजी म्हणाल्या, शेंडेनक्षत्र बायकांनी बघू नये. भाऊ आल्यावर मी विचारलं, कसा होता? तो म्हणाला, "पुसट होता. काही विशेष नाही." त्याला विशेष नव्हतं, मला चाळीस वर्षं पुरलं. आता हॅले येणार २०६१ मध्ये. तेव्हा मी असले तर त्र्याऐंशीची असेन.

आईवर माझा राग नाही. तिलाही कोणी टेकडीवर नेलं नव्हतं.

बायकांनी स्वतः पाहिलेलं आकाशही कथांमध्ये आहे. १९०५ मध्ये बेगम रुकैया सखावत हुसैन यांनी 'सुलतानाज ड्रीम' ही कथा लिहिली, मद्रासच्या एका महिला मासिकात. त्यात बायका सूर्याची उष्णता वापरतात, हवेत उडणारी वाहनं चालवतात आणि पुरुष घरात पडद्यात राहतात! शंभराहून अधिक वर्षांनी, २०२३ मध्ये, इसाबेल एर्गेरा या स्पॅनिश दिग्दर्शिकेने तिच्यावरून चित्रमय सिनेमा केला. जी कथा आपण आपल्या लेकींना सांगायची, ती स्पेनमधल्या बाईला सापडली. आपल्याकडेही शुभदा गोगटे यांच्यासारख्या लेखिकांनी विज्ञानकथा लिहिल्या आहेत. मुलांच्या यादीत तिन्ही कथा पुरुषांच्या होत्या. "सापडल्या त्या घेतल्या," म्हणाले. शोधल्या असत्या तर आणखी सापडल्या असत्या.

एक व्यवहाराची गोष्टही मी त्यांच्या कानावर घातली. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं त्याच्या लेखनाचा हक्क वारसांकडे असतो. तेव्हा असा सिनेमा करायचा, चार लोकांना दाखवायचा किंवा मोबाइलवरून पसरवायचा, तर आधी रीतसर पत्र लिहून परवानगी मागा. बेगम रुकैया १९३२ मध्ये गेल्या, त्यांच्या कथेला ती अडचण नाही. मुलांनी पत्र लिहायला घेतलं आहे, आणि तिसऱ्या कथेची जागा सुलतानाला दिली आहे. एवढी हार त्यांनी आनंदाने मानली.

आणि इंद्राणीचं काय झालं? स्वेटर राहिला. यज्ञही राहिला. पण त्यावर हसायचा कंस गेला. दत्तदा संतापून यज्ञाबद्दल बोलतात तेव्हा मला आता चौथं वाक्य मिळालं आहे. "इतकी वर्षं रात्रभर आकाश बघता, मला एकदा तरी बोलावलंत का?" दत्तदाचं काम करणारा मुलगा तालमीत या वाक्यावर दरवेळी अडखळतो. पुढचं वाक्य विसरतो. मी दिग्दर्शकाला सांगितलंय, ते तसंच ठेव.

भौतिकशास्त्र विभागाची दुर्बीण तालमीसाठी गच्चीवर आणली होती. काम झाल्यावर भाची म्हणाली, "मावशी, बघ ना." मी पदर सावरून डोळा लावला. आधी काहीच दिसेना, नुसता काळोख. मग तिने काहीतरी फिरवलं आणि चंद्रावरचे खड्डे इतके स्वच्छ समोर आले, की मी दचकून मागे सरले. मुलं हसली. मी पुन्हा डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. खाली स्वयंपाक व्हायचा होता, वीस रुपयांचा हिशेबही राहिला होता.

तुमच्या गावात कधी कोणी दुर्बीण आणली, तर लेकीला पाठवा. आणि तिच्या मागे रांगेत तुम्हीही उभ्या राहा. नळ तेवढा बंद करून जा.